यादीत न दिलेलं नाव

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. तोंडावर दोन मास्क, हातात प्लास्टिकचे मोजे. माझा स्टीलचा डबा त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत गाठ मारून आणला होता. तो माझ्या हातात दिला नाही. पायपुसण्यावर ठेवला.

"आमच्यात असले आजार नसतात गं," त्या म्हणाल्या. "तुम्हा लोकांचं राहणंच तसलं."

तुम्ही लोक. पुण्यातली वस्ती सोडून मी टोकियोत, ओजिमात सातव्या मजल्यावर राहायला आले, तरी वहिनींना माझा जुना पत्ता पाठ.

मला टीबी झाला होता. सहा आठवडे हॉस्पिटलात काढून नुकतीच घरी आले होते. आता माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींना ते माहीत होतं. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे मॅनेजर. राहायला तोयोसुच्या महागड्या टॉवरमध्ये. आजार कळायच्या आधी चार महिने मी त्यांच्या रियाला दुपारी सांभाळायचे. चार वर्षांची पोर. खिडक्या बंद, हीटर चालू, रिया माझ्या मांडीवर. आणि मी खोकत होते. थंडीचा खोकला म्हणत होते.

हॉस्पिटलात होकेंजोची, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राची नर्स आली होती. तुम्ही कुणाकुणाजवळ तासन्‌तास बसायचात, नावं द्या, त्यांची तपासणी करू, म्हणाली. आदल्याच दिवशी वहिनींचा फोन येऊन गेला होता. आमचं नाव घेऊ नकोस. मी नवऱ्याचं नाव दिलं, जपानीच्या क्लासमधल्यांची दिली. रियाचं गिळलं. नवऱ्याचं काँट्रॅक्ट त्यांच्या यजमानांच्या हातात; ते गेलं की व्हिसा जाईल.

आता दारात वहिनी म्हणाल्या, "रियाला पंधरा दिवस खोकला आहे. ॲलर्जी आहे ती. तू मात्र गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मार्चमध्ये रिन्यूअल आहे, लक्षात आहे ना?"

"हो वहिनी," मी म्हणाले.

हो म्हणाले! त्याची लाज अजून जात नाही.

दार लावलं. पंधरा दिवस खोकला. माझ्या आईनंही असंच लपवलं होतं. धुण्याभांड्याची कामं सुटतील म्हणून. दवाखान्यातल्या बाई वस्तीत आल्या की ती मोरीत लपायची. धाकटी बहीण तिच्याच कुशीत झोपायची. आई पुढे बरी झाली. धाकटी नाही झाली.

दोन दिवसांनी नर्स आली. गोळ्यांची रिकामी पाकिटं तपासायला लागली. मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, एक नाव राहिलंय. विसरले नव्हते. घाबरले होते.

ती रागावली नाही. पेन काढलं. मी रियाचं पूर्ण नाव सांगितलं, टॉवर, मजला, सगळं.

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. होकेंजोनं रियाला तपासणीला बोलावलं होतं. कुणामुळे, ते होकेंजो कधीच सांगत नाही. मी नाही म्हणाले असते तर सुटले असते.

"नाव तू दिलंस?"

नवरा समोर बसून माझ्याकडे बघत होता.

"मी दिलं," म्हणाले. "रियाला उद्याच घेऊन जा. आणि मार्चमध्ये तुम्हाला काय करायचं ते करा."