दोन रिंगा

शर्यत संपली की बाकीचे ड्रायव्हर आपापल्या माणसांकडे वळायचे. कोणाची आई थर्मास घेऊन घडीच्या खुर्चीत बसलेली असायची, कोणाचे वडील टायर ढकलायला आलेले. मी हेल्मेट काढून गॅरेजच्या मागे जायचे, कार्डिफच्या घरी फोन लावायचे आणि दोन रिंगा झाल्या की कापायचे. झाली माझी घरच्यांची भेट.

आमच्या घरची ही जुनी पद्धत. कुठंही गेलं तरी पोचल्यावर दोन रिंगा द्यायच्या, म्हणजे माणूस सुखरूप. फोन उचलायचा नाही. आई होती तोवर ती मुद्दाम उचलायची आणि जेवलीस का म्हणून विचारायची. ती गेल्यावर बाबांनी नियम काटेकोर पाळला.

बाबा हाडांचे डॉक्टर. मोटरवेवर मोडलेली माणसं जोडण्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुट्टीच्या दिवशी टूरिंग कार पळवायची. म्हणजे शेजाऱ्याच्या दारात उभी असते तसलीच गाडी. फक्त आतून सोलून पोलादी पिंजरा बसवलेली, आणि वळणावर दुसरीच्या दाराला दार घासत जाणारी. "माझ्या टेबलवर येऊ नकोस, एवढंच," ते पहिल्या सीझनला म्हणाले, आणि विषय संपला. त्यांना रेसला किती वेळा बोलावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळीला मी घरी गेले तरी ते माझ्या रीडिंग शहरातल्या ऑफिसची चौकशी करायचे, रेसबद्दल चकार शब्द नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी सातवी आले काय नि तळाला आले काय, त्यांना रिंगा सारख्याच ऐकू जायच्या.

मग एका रविवारी पुढच्या दोघांनी एकमेकांना वळणाबाहेर ढकललं आणि मधल्या फटीतून निघून मी जिंकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मेकॅनिकनी पाठ थोपटली, फोटो झाले, आणि जो तो आपल्या बायकापोरांकडे गेला. मी कप काखेत मारून गॅरेजमागे आले आणि फोन लावला.

दोन रिंगा झाल्या. कापवेना. आज तरी त्यांनी उचलावा, आज तरी विचारावं. तिसरी वाजली. चौथी पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"कुठल्या हॉस्पिटलला नेलंय तिला?" आवाज सपाट, वॉर्डातला. "ड्यूटीवर कोण आहे? फोन द्या त्यांना."

"बाबा, मीच बोलतेय. मी जिंकले."

पलीकडे खुर्ची सरकली.

"लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी दोनच दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कप व्हॅनमध्ये टाकला आणि रीडिंगपर्यंत रडत गाडी चालवली. घरी कुलूप उघडलं, शिळा भात गरम केला, कप टीव्हीशेजारी ठेवला. बघायला कोणी नव्हतं.

आमच्यात जिंकण्याचं बक्षीसही वेगळंच. पुढच्या रेसला जिंकणाऱ्याच्या गाडीत शिशाचं जादा वजन ठेवतात, म्हणजे इतरांना संधी. ते शिसं घेऊन मी पुढच्या वेळी रखडत शेवटून दुसरी आले. गॅरेजमागे गेले, दोन रिंगा दिल्या, कापला.

फोन खिशात घालते तोच वाजला. स्क्रीनवर कार्डिफच्या घरचा नंबर. मी घाईघाईनं तो बाहेर काढला, पण उचलायच्या आत तो थांबला. बरोबर दोन रिंगा.

बाबा कुठं गेले नव्हते की कुठं पोचले नव्हते. दिवसभर घरात एकटे, फोनजवळ बसून होते. आणि आपण सुखरूप आहोत, एवढं ते मला कळवत होते.