कावळ्यानं ऐकलं ते पुंजाचं

श्रीराम. आज समोरच्या चतुराबाईंविषयी लिहिते. त्यांची खोली परवापासून बंद आहे.

चौदा वर्षं पंचवटीत घरोघरी पोळ्या लाटून त्यांनी ललितला शिकवलं. तो दुबईला वायरमन झाला. तिथल्या सरकारनं व्हॉट्सॲपवरचे कॉल बंद ठेवलेत. मेसेज जातात, आवाज भरून पाठवता येतो, पण समोरासमोर बोलता येत नाही. हे फक्त मला माहीत. गल्लीत बाई सांगायच्या, "रोज व्हिडिओवर पोराचं तोंड बघते." मानासाठी तेवढं एक खोटं.

परवा त्यांच्या मालकांचा, ललितच्या वडिलांचा, दहावा होता. ललितला सुट्टी मिळाली नाही. गोदाघाटावर पिंड ठेवले, तास झाला तरी कावळा शिवेना.

चांदवडचे दीर पुंजा म्हणाले, "दादाचा जीव तुमच्यात अडकलाय, वहिनी. ललितला लावा व्हिडिओ. म्हणू द्या त्याला, आईला सांभाळतो."

बाईंनी लावला. पुन्हा लावला. पलीकडून काहीच नाही.

"तिकडं कायद्यानं बंद आहे," त्या पुटपुटल्या.

"आं? रोज तोंड बघता ना? मग कायदा काय आजच आला? पोरगा फोन उचलंना, असं सांगा की!"

लोक हसले. पिंडासमोर हसले.

मी घाईनं ललितला आवाज भरून निरोप धाडला. तोवर पुंजांनी हात जोडले, "दादा, वहिनीला मी नेतो. माझ्या दारात राहील." आणि कावळा आला. मी डोळ्यांनी पाहिलं, देवाशपथ.

वीस मिनिटांनी ललितचा आवाज आला. रडत होता. "आई, मी सांभाळीन तुला. खोली सोडू नकोस. दिवाळीला येतोच."

मी फोन पुंजांपुढे धरला.

"कावळा शिवला हाय, ताई. आता शब्द फिरवला तर दादाला गती नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर एकादश्या केलेली बाई. म्हटलं, "जा, चतुराबाई."

त्याच दुपारी त्यांना गाडीत बसवलं. पुंजांची सून पूजा मागून म्हणाली, "बरंच झालं, कांदा निवडायला बाई मिळत नव्हती."

आज ललितचा मेसेज आला. "मावशी, आईला मेसेजही जात नाही. फोन का बंद?" पूजाला फोन लावून विचारलं. बाईंचा फोन सासऱ्यांनी ठेवून घेतलाय म्हणाली.

उत्तर दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं, "बाळा, कावळा शिवला." बाकी काही लिहिलं नाही.