मंदाची सून कोणत्या नावाने बी.एस्सी. झाली

मंदा माझी चुलतजाऊ. तारापूरच्या अलीकडे आमच्या चिकूच्या वाड्या, तिच्या नि माझ्या घरामध्ये एक कुंपण आहे. आता तिच्या आवाजापुढे कुंपण काय करणार बिचारं! ती नवऱ्याला जेवायला हाक मारते तेव्हा माझे हे पानावरून उठायला बघतात. त्यामुळे जूनमध्ये एकदा सकाळपासून तिकडून आवाजच आला नाही, तेव्हा मला वाटलं, एक तर बाई आजारी पडली किंवा नवरा पळून गेला. दोन्हींपैकी काय ते बघायला मी गेले.

ओटीवर चिकूचा ढीग घेऊन बसली होती. पिकलेले नि कच्चे एकाच टोपलीत टाकत होती.

म्हटलं, "काय गं, मौनव्रत धरलंस काय? आधी सांगायचंस, गावात पेढे वाटले असते."

"वयनी, स्वातीचा निकाल नाय लागला."

"नापास झाली?"

"नापास कशी होईल ती! सगळ्यांचा लागला, हिचाच राखून ठेवला हाय."

"का पण?"

मंदाने मान खाली घातली नि चिकू पुसायला लागली. आतून सूनच बाहेर आली, हातातला चहा माझ्यापुढे ठेवला नि म्हणाली, "नावामुळं, काकू." बस्स. एवढंच. आत गेली.

आता हे नावाचं काय, ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, काकू मधूनच सुरू झाली.

मंदाचा रूपेश बोईसरच्या एमआयडीसीत पंप दुरुस्त करतो. तिथेच त्याला ही पोरगी भेटली. मनोरच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथली. वारल्यांची. आश्रमशाळेत शिकलेली, होस्टेलला राहून बी.एस्सी. करत होती. सुट्टीत सरावलीला मावशीकडे राहून कारखान्यात पॅकिंगला जायची. रूपेशने घरी सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या कुंपणाला कान लावून बसलो होतो, आता मंदा छप्पर उडवते म्हणून. पण बाईने उडवलं नाही! म्हणाली, पोरगी शिकलेली हाय, नजरेला स्वच्छ हाय, मला चालेल. गावात महिनाभर तिचंच कौतुक. मंदाचं मन किती मोठं, मंदाला जातपात नाही. मंदा हे ऐकायची नि पदर सावरायची. मी म्हणायचे, "अगं, फुगू नको एवढी, ओटीवर मावणार नायस."

लग्न आमच्याच अंगणात झालं. गृहप्रवेश झाला, नि ताटात तांदूळ पसरून रूपेशच्या हातात अंगठी दिली. नवीन नाव लिहायचं. आमच्याकडे लिहितातच, माझंही असंच बदललं. रूपेशने मंदाकडे बघितलं नि लिहिलं, स्वाती.

पोरीचं नाव जिवली.

मंदा सगळ्यांना सांगत सुटली, भटजींनी पत्रिका बघून 'स' अक्षर काढलं म्हणून. बायकांनी माना डोलावल्या. पोरीचा बाप देवू, नवा सदरा घालून खांबाशी उभा होता. जेवायला बसताना मला हळूच म्हणाला, "बाय, मग आता मी तिला हाक कशी मारू?"

"तुमी तुमचीच मारा की," मी म्हटलं. तो हसला, पण जेवला नाही फार.

पोरीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मंदा म्हणाली, शिकायचं तर शीक, भांडी मी घासेन. आणि घासली हो, खोटं का बोला! होस्टेलवालं कॉलेज लांब पडतं म्हणून पालघरच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा ठरला. त्याआधी मंदाने रूपेशच्या मागे लागून आधार कार्डावर नाव बदलून घेतलं. प्रवेशाच्या वेळी पोरगी म्हणालीसुद्धा, "आई, माझी आधीची मार्कशीटं जिवलीच्या नावाची हायेत."

मंदा म्हणाली, "मग काय झालं? लग्न झालं की बाईचं नाव बदलतं, हे कॉलेजवाल्यांना नाय माहीत? त्यांच्या घरी बायका नायत?" आणि फॉर्म भरला स्वातीच्या नावाने.

मंदाच्या डोक्यात तेवढंच. तिचं स्वतःचं माहेरचं नाव जमना. लग्नात मंदा झाली. रेशन कार्ड झालं, मतदानाचं झालं, कोणी कधी विचारलं नाही की ती जमना कुठे गेली. पण जमनाने कुठे पदवीची परीक्षा दिली होती!

तर पोरीने सगळे विषय काढले, प्रॅक्टिकलं झाली, प्रोजेक्ट झाला, सगळं झालं. आणि विद्यापीठाला दिसलं की पहिली दोन वर्षं पास झाली जिवली देवू वरठा, नि तिसऱ्याला बसली स्वाती रूपेश राऊत. त्यांच्या हिशोबी एका बाईचं शेवटचं वर्ष नाही, नि दुसरीची पहिली दोन नाहीत. पदवी द्यायची कोणाला? ठेवला निकाल राखून.

आणि इकडे एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये तिची निवड झालेली. पॅकिंगला नाही हां, लॅबमध्ये, पांढरा कोट घालून. महिनाअखेर पास झाल्याचा कागद आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं सांगितलेलं.

पोरगी मंदाला एका शब्दाने बोलली नाही, आणि मंदाची तीच पंचाईत झाली. भांडली असती तर मंदाला बरं वाटलं असतं, तिच्या अंगवळणी आहे ते. आता ती काय करायची, तर सगळ्यांत मोठी पापलेटची तुकडी सुनेच्या ताटात. सकाळी तिच्याआधी उठून पाणी तापवायची. हाक मारायची तर स्वाती म्हणवेना, जिवली तोंडात येईना. नुसतं "अगं, हे बघ गं" असं चालायचं. मी चिडवलं, "मंदे, नवऱ्याला हाक मारतेस काय सुनेला?" तर डोळे भरले तिचे. मला मेलीला उगाच बोलले असं झालं.

शेवटी कॉलेजात जायचं ठरलं. मंदा म्हणाली, मी येणार. सोबतीला मला ओढलं, कारण ऑफिसात बोलायची वेळ आली की हिचा एवढा आवाज कुठे जातो देव जाणे. एसटीने पालघरला गेलो. ऑफिसातल्या मॅडम चांगल्या होत्या, समोर बसवून समजावलं.

"दोन रस्ते आहेत. स्वातीच नाव ठेवायचं असेल, तर गॅझेटमध्ये नाव बदलून घ्या, मग मागची सगळी कागदपत्रं बदला. त्याला वेळ लागेल. जातीच्या दाखल्यापासून सगळं आलं त्यात. दुसरा रस्ता म्हणजे तिसऱ्या वर्षाचं नाव मागच्यासारखं करून घ्या. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र द्या. हे लवकर होईल. ठरवा, कोणतं नाव?"

पोरगी म्हणाली, "आई सांगतील तसं."

मंदा उठलीच. "मॅडम, जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाली नि सुनेचा हात धरून व्हरांड्यात. मीही मागोमाग. मला कोण थांबवणार?

तिथे खिडकीशी मंदा उभी राहिली. आवाज इतका बारीक, की मला पुढे सरकावं लागलं.

"मी काय सांगू? आता परत मी सांगू? भटजींनी अक्षर काढलं नव्हतं गं. मी खोटं बोलले. मला लाज वाटत होती. लोक कौतुक करत होते नि मला आतून वाटायचं, दहा बायकांत 'जिवली' म्हणून हाक मारली की लगेच कळणार, कुठली हाय ती. म्हणून स्वाती केलं."

मी पहिल्यांदा ऐकत होते हे. एवढी वर्षं कुंपणाशी राहून!

पोरगी म्हणाली, "माहीत हाय मला."

"काय माहीत हाय?"

"आई, आमच्या पाड्यावर पत्रिका कोणाची असते? मी कधी जन्मले ते माझ्या आईलाच माहीत नाय. भात लावायचे दिवस होते, एवढंच सांगते ती. शाळेत मास्तरांनी एक जून लिहिलं. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जूनला. मग भटजींनी काय बघून अक्षर काढलं?"

मंदाने खिडकीचा गज धरला.

"त्याच दिवशी कळलं होतं," पोरगी म्हणाली. "ताटात तांदूळ होते तेव्हाच."

"मग बोलली का नायस?"

"काय बोलू? सगळे बोलत होते तुमचं मन मोठं हाय. मी कशी बोलू नाय म्हणून?"

मंदा भिंतीला टेकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर तिने झटकला. पोरगी एकटीच आत गेली. आम्हाला ऐकू आलं, "मॅडम, जिवली देवू वरठा. तेच ठेवा."

प्रतिज्ञापत्राला कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. पोरीच्या सहीखाली मंदाने साक्षीदार म्हणून सही करायची होती. तो दादा टाइप करता करता मोठ्याने वाचत होता. "नाव बदलण्याचे कारण, विवाह."

मंदा म्हणाली, "दादा, लग्नामुळं नाय. माझ्यामुळं."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "मावशी, असं लिहीत नाहीत. विवाहच लिहितात सगळे."

"पण ते खरं नाय ना."

"मावशी, मागे रांग आहे."

पोरगी म्हणाली, "लिहा दादा, विवाह." मंदाने सही केली. तिची सही एरवी ऐटबाज असते, शेवटी लांब शेपूट ओढते. त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं.

कॉलेजने कागद पुढे पाठवले. रूपेश दोनदा सुट्टी टाकून विद्यापीठात जाऊन आला. निकाल सुटला, पहिल्या वर्गात पास, नाव जिवली देवू वरठा. पण महिना उलटून गेला होता. पोरीने कारखान्यात फोन केला तर म्हणाले, मॅडम, जागा भरली, पुढे निघाली तर कळवू.

फोन ठेवला तेव्हा मी तिथेच होते. मंदा म्हणाली, "मी जाते त्या साहेबाकडे. पाया पडते. सांगते माझी चूक हाय, पोरीची नाय."

"नको," पोरगी म्हणाली. "दुसरीकडे अर्ज केलेत मी."

मग मंदाने धीर केला. मला माहीत होतं ती ते नाव कधीची घोकत होती, कारण पहाटे विहिरीवर एकटीच पुटपुटायची. म्हणाली, "बरं झालं गं, जिवली."

पोरीने फोनचं कव्हर लावता लावता वर बघितलं. रागाने नाही बघितलं, खरंच नाही. म्हणाली, "तुमी स्वातीच म्हणा, आई. घरात तेच राहू दे."

माझ्या घरी येऊन मंदा तासभर विचारत बसली. "वयनी, माफ केलं म्हणून म्हणाली काय ती? की माझ्या तोंडून ते नाव नको म्हणून?"

"तिलाच विचार ना."

"तू विचार."

"मी कशाला? नाव तू बदललंस, पापलेट तू खायला घातलंस, विचारायला मी?"

एरवी हसली असती. मी तरी काय सांगणार? मलाही कळलं नव्हतं, आणि मला न कळलेल्या गोष्टी या गावात फार नाहीत.

पुढच्या रविवारी पोरगी मार्कशीट घेऊन बापाकडे निघाली. रूपेशने गाडी बाहेर काढली. मंदा सकाळपासून नेसून तयार. अबोली रंगाची साडी, केसात गजरा, हातात पेढ्यांचा पुडा. लग्नानंतर एकदाही ती त्या पाड्यावर गेली नव्हती. मी कुंपणापाशी उभी होते, म्हणजे तिथे मला काम होतंच.

पोरगी बाहेर आली, सासूला वरपासून खालपर्यंत बघितलं. क्षणभर वाटलं, म्हणेल चला. तिने पेढ्यांचा पुडा घेतला, पिशवीत नीट ठेवला नि म्हणाली, "आई, आज आमी दोघंच जातो. पुढच्या वेळेला बघू."

गाडी गेली. मंदा फाटकात उभीच. धूळ खाली बसली तरी उभी. मग गजरा चाचपत कुंपणाशी आली.

मी म्हटलं, "एवढी नटलीस ती काय चिकूला दाखवायला?"

"पुढच्या वेळेला ये म्हणाली," मंदा म्हणाली. "ऐकलंस ना तू?"

माझे कान तर तुम्हाला माहीत आहेत.

"हो," मी म्हटलं, "म्हणाली."