मातीत मुरणारी पिशवी

दुकानात आले की अप्पा काउंटरवरची प्लॅस्टिकची पिशवी उचलायचे, कानाशी नेऊन चुरगाळायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग ती परत ठेवत म्हणायचे, "चुरचुरतीय. ह्याला मरण न्हाई अण्णा." गिऱ्हाईक बघत राहायचं आणि मी साखर तोलत राहायचो.

बिदरच्या मैलूरमध्ये माझं किराणा दुकान, आणि मागच्या गल्लीत त्यांचं घर. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला लोक हसतात आणि जो दिसला नाही की चौकशीही करतात.

अप्पांची उमर हैदराबादेत पिशव्यांच्या कारखान्यात गेली. बायको तिथेच वारली, मुलाला तिथेच नोकरी लागली आणि हे एकटे गावी परतले. एकदा घरामागच्या नाल्यात त्यांना आपल्याच कारखान्याच्या शिक्क्याची पिशवी सापडली, जशीच्या तशी. कारखाना तर कधीच बंद पडला होता. "मीच केलती. आता मीच निस्तराय पायजे," असं म्हणून ते मक्याच्या स्टार्चमागे लागले.

स्टार्च, ग्लिसरीन आणि व्हिनेगर शिजवून त्याची खळ करायची, ती जुन्या खिडक्यांच्या काचांवर पसरून गच्चीवर वाळवायची. वाळलेला पापुद्रा सोलून कडा चिकटवल्या की पिशवी तयार. एकदा शेजारच्या अक्कांची शेळी जिना चढून गेली आणि वाळत घातलेलं सगळं खाऊन आली. अक्का घाबरल्या. अप्पा मात्र खूश. रोज सकाळी शेळीची तब्येत विचारायला जायला लागले.

"कामून एवढी काळजी करायलाव?" अक्कांनी शेवटी विचारलं.

"परीक्षा हाय अक्का. तिची न्हाई, माझी."

शेळी ठणठणीत राहिली. त्यानंतर प्रत्येक नवी पिशवी ते अंगणात जास्वंदीखाली पुरू लागले आणि तिच्या जोडीला बाजारातली एक. काही दिवसांनी उकरून दोन्ही बघायचे. एकट्या माणसाला तेवढंच काम.

आमच्याकडे येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे शेतात जेवायला जातात. अप्पांचं शेत जवळच्या मंठाळ गावात. एका येळवसला मुलगा आणि सून हैदराबादहून आले. लाल चकचकीत पिशवीतून मिठाई आणली. मीही पाहुणा होतो. निघताना अप्पांनी पोराला भज्जी, म्हणजे येळवसची पालेभाज्या-दाण्यांची भाजी दिली, तीही स्वतःच्या पिशवीत भरून.

"अप्पा, डब्यात द्या की," मुलगा म्हणाला.

"धर म्हनलो न्हवं. घिऊन जा."

येळवसची भज्जी केवढी पातळ असते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण अप्पांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की कुणी बोललं नाही.

परतीच्या वाटेवर, जहीराबादच्या अलीकडे पिशवी विरघळली आणि भज्जी सुनेच्या नव्या साडीवर सांडली. मुलाचा फोन माझ्या दुकानात आला. अप्पांना बोलावून आणलं. रिसीव्हरमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "अप्पा, बसमधले लोक हासले. सोडा हे खूळ. इकडं येऊन ऱ्हावा."

"कुठवर टिकली रं?" अप्पांनी विचारलं. तोवर फोन ठेवलेला होता.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग म्हणाले, "कोरड्यात टिकती, वल्यात न्हाई. फुडच्या येळवसला हैदराबादपोतर जाती का न्हाई बघ."

ते वर्ष त्यांनी त्या एका पिशवीत घातलं. आतून मेणाचा पातळ हात द्यायचा त्यांना सुचलं. भज्जी शिजवून पिशवीत भरायची, ती माझ्या दुकानातल्या खिळ्याला टांगायची आणि स्वतः खाली स्टुलावर बसायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "ही विकायची हाय का?"

"न्हाई. पोराची हाय."

येळवसच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला, सुट्टी नाही म्हणून. निरोप मीच दिला. "व्हय, व्हय," म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ते बांधावर रस्त्याकडे तोंड करून बसलेच. "सुट्टी आयत्या टायमाला बी मिळती," म्हणाले. ऊन उतरल्यावर ती भज्जी आम्ही दोघांनी खाल्ली. पिशवीला साधा पाझरही फुटला नव्हता. घरी येऊन त्यांनी ती धुतली आणि जास्वंदीखाली पुरली. जोडीला मुलाने आणलेली ती लाल पिशवी.

पुढची येळवस अप्पांनी पाहिली नाही.

मुलाने घर विकलं. नव्या मालकाने पाण्याच्या टाकीसाठी अंगण खणायला घेतलं, तेव्हा मी जाऊन उभा राहिलो. लाल पिशवी निघाली. मिठाईच्या दुकानाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, बंदही पक्के होते. शेजारची माती मी हाताने चिवडून पाहिली. अप्पांची पिशवी कुठेच नव्हती. त्यांना हेच हवं होतं, हे ठाऊक असूनही मला रडू आलं.

लाल पिशवी मी झटकली आणि कानाशी नेऊन चुरगाळली.

"ह्याला मरण न्हाई अप्पा," मी म्हणालो.

खणणाऱ्या माणसाने वर पाहिलं. "मला काय म्हनलाव?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुम्ही खणा."