नाना मेन स्विच पाडायचे

एरंडोलला नानांच्या फोटो स्टुडिओत मी व्हिडिओ एडिटिंग करायचो. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स मीच टाकलं होतं, आणि त्याचं कौतुक इतकं की दुकानात येईल त्याला दाखवायचो. संध्याकाळी दुकान बंद करताना नाना लाइटच्या बोर्डाला नमस्कार करायचे आणि मेन स्विच खाली. कॉम्प्युटर चालू असला तरी. वडिलांच्या वेळची सवय.

मग सकाळी काळ्या स्क्रीनवर ओळ यायची, 'रिकव्हरिंग जर्नल'. म्हणजे काल अर्धवट तुटलेलं काम डिस्क आपल्या नोंदीतून वाचून सावरतेय. मग 'क्लीन'. नाना विचारायचे, "बठ्ठं बराबर शे ना?"

मी म्हणायचो, हो नाना, सगळं बरोबर आहे, आपोआप दुरुस्त होतं! खरं तर ती ओळ रोज सांगत होती की काल परत दणका बसला. मला कळत होतं. पण स्विचचं बोललो असतो तर नाना म्हणाले असते, विंडोजला असलं काही नव्हतं.

एका सोमवारी 'क्लीन' आलंच नाही. आलं ते असं, की डिस्कवर अनपेक्षित गडबड आहे, एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, हाताने चालवा. आणि दुपारी एक मुलगी लग्नाचा व्हिडिओ न्यायला येणार होती. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिचे वडील गेले होते. कॅमेऱ्याचं कार्ड आम्ही पुढच्या लग्नासाठी रिकामं केलेलं. जे होतं ते याच डिस्कवर.

आधी डिस्कची कॉपी घ्यायची असते. मी घेतली नाही. एफएससीके एकेक विचारत होतं, हे दुरुस्त करू? हे पुसू? पाच-सहा वेळा 'वाय' दाबलं, मग कंटाळून सगळ्यालाच एकदम होय सांगून टाकलं. ओळी धावत सुटल्या. एकही वाचता आली नाही.

मशीन सुरू झालं, पण लग्नाचं फोल्डर नव्हतं. 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये फाइलींचा ढीग, नावाच्या जागी नुसते आकडे. एकेक उघडत गेलो. हळद. कुणाचा तरी वाढदिवस. काळं. परत काळं.

ती आली. नानांनीच तिला खरं सांगितलं, माझ्याच्याने झालं नसतं. ती माझ्यामागे स्टुलावर बसली. "पप्पा माइकवर बोलले होते," ती म्हणाली. "तेवढं बघा."

एकोणिसाव्या फाइलीत ते दिसले. मांडवात, माइक हातात. "माझी पोरगी," एवढं म्हणाले आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं. ती म्हणाली, परत लावा. लावलं. तेवढंच.

संध्याकाळी नाना बोर्डापाशी गेले, नमस्कार केला, आणि हात तसेच जोडून माझ्याकडे बघत उभे राहिले. अजून साठ फाइली उरल्या होत्या. मी पुढची उघडली. काळं.