घळीत हरवलेला ट

अरुंद घळीत उतरलेल्या माणसाला फक्त सत्य ऐकू येतं.

हे विधान आमच्या मास्तरचं. जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या जंगलातल्या एका पार्किंगमध्ये, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात पाण्यात घालायचा निओप्रीनचा मोजा चढवताना त्याने ते केलं, आणि लगेच तोल जाऊन माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. वर्षातून तीन-चारदा तो असं काहीतरी बोलतो. मी मशिनांची माहितीपुस्तकं लिहितो. ‘झाकण उघडण्यापूर्वी यंत्र बंद करा’ यापेक्षा मोठं सत्य माझ्या हातून अजून कागदावर उतरलेलं नाही, त्यामुळे अशा वेळी मी गप्प बसतो.

मास्तर हा पेशाने मास्तर नाही. त्याने इथे दोरावर उतरण्याचा रीतसर कोर्स केला, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, आणि पुढच्याच सहलीत आम्हाला गाठी शिकवायला घेतल्या, म्हणून मास्तर. पोटापाण्यासाठी तो झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहानशा ऑफिसात गाड्यांच्या दारांचा आवाज ऐकतो. दार लागलं की ‘धप्’ असा आवाज यायला हवा, ‘खट्’ असा नाही. या फरकावर त्या ऑफिसातल्या नऊ-दहा माणसांची घरं चालतात. आमच्यातली तिसरी डॉक्टर. ती डार्मश्टाटला उपग्रहांच्या कामात आहे. तिच्या दारावरच्या पाटीवर आडनावाआधी ‘डॉ.’ लागल्यापासून शेजारीण तिचं पार्सल दोन्ही हातांनी देते. आम्ही तिघं कॉलेजात असताना सह्याद्रीतल्या नाळा, म्हणजे कड्यांमधल्या उभ्या वाटा, चढायचो. पुढे नोकऱ्या इथे लागल्या. इथे नाळा नाहीत, पण वालुकाश्मात पाण्याने कापलेल्या घळी आहेत. त्यांना ‘श्लुख्ट’ म्हणतात. नाव ऐकून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण आत गेल्यावर ते बरोबर वाटतं.

पुढच्या मार्चमध्ये जॉर्डनला जायचं ठरलं होतं. तिथल्या वाळवंटात म्हणे अशा घळी आहेत की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि आकाश वर चिंधीएवढं दिसतं. गेली काही वर्षं आम्ही त्यांचे फोटो एकमेकांना पाठवत होतो. नंतर मास्तरचा कान बिघडला. एक नव्हे, दोन्ही, आणि हळूहळू. कानाच्या डॉक्टरने काढलेला आलेख त्याने आम्हाला दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ सपाट आणि ठणठणीत. उजवीकडे वरचे सूर आले की कड्यावरून खाली. पक्षी गेले होते. शिट्टी गेली होती. ऑफिसात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. दारं खालच्या सुरात लागतात, असं त्याचं म्हणणं. पण घळीत वळणापलीकडचा माणूस दिसत नाही. तिथे दोर धरणाऱ्याला आवाजाखेरीज दुसरं काही नसतं.

म्हणून त्या दिवशी इथे आलो. येताना गाडीत त्याच्या बायकोचा फोन आला तो स्पीकरवर.

“अहो, कानातलं घातलंय का?”

“आहे, आहे.”

“आहे म्हणजे कानात आहे की डबीत आहे?”

“अगं, नेटवर्क जातंय.”

नेटवर्क पूर्ण होतं. डबी माझ्या समोरच्या कप्प्यात होती. हेल्मेटखाली ते ऐकण्याचं यंत्र टोचतं आणि पाण्यात बिघडतं, हे त्याचं अधिकृत कारण. अनधिकृत कारण आम्ही विचारलं नाही.

पार्किंगमध्ये मोजा चढवून झाल्यावर तो म्हणाला, “आज मला ऐकू आलं नाही तर मार्चमध्ये मी नाही. कुणी दया दाखवायची नाही.”

“दया कशाला?” डॉक्टर म्हणाली. “तुझ्या जागी माझ्या मावसबहिणीला नेऊ. तिला चांगलं ऐकू येतं.”

“तिला दोर येतो का?”

“नाही. पण तिला कळतं की आपल्याला येत नाही.”

तो हसला. मग हेल्मेटचा पट्टा गरजेपेक्षा जास्त वेळ आवळत राहिला.

घळ लालसर दगडाची. तोंडाशी दोन गाड्या जातील एवढी रुंद, आणि आत शिरलं की भिंती जवळ येत जातात. उन्हाळा संपत आला होता, पाणी घोट्याएवढं होतं. भिंतींवर आडवे पट्टे होते, वाळूच्या ढिगावर वाऱ्याने उमटावेत तसे. डॉक्टरने हातमोजा काढून एका पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं की हा दगड म्हणजे खरंच वाळू आहे; हा मुलूख एके काळी वाळवंट होता. म्हणजे आम्ही वाळवंटातल्या घळीतच उभे होतो, फक्त काही कोटी वर्षं उशिरा. वर नेच्याची हिरवीगार पानं ठिबकत होती.  अशा जागी माणसं आपसूक आवाज खाली आणतात. देवळात आणि बँकेतही आणतात, म्हणून मी त्याला फार महत्त्व देत नाही, पण माझाही आवाज खाली आला होता.

दोरावरच्या आज्ञा जर्मनमध्ये द्यायच्या, हा मास्तरचा नियम. कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं. एक भाषा, एक शब्द, चर्चा नाही. थांबायचं असेल तर ‘हाल्ट’. आम्ही मराठीत भांडायचो, मराठीत डबे उघडायचो, आणि दोर हातात आला की तिघंही एकदम जर्मन व्हायचो. “या, गेनाऊ, आल्झो,” म्हणजे हो, बरोबर, तर मग, असं म्हणत मास्तर गाठ तपासायचा. त्याचा आवाजही बदलायचा, सरकारी व्हायचा.

घळीच्या मध्यावर दोन मजल्यांएवढा कडा आहे. खाली डोह, आणि अर्ध्यावर एका बाजूला माणूस उभा राहील असा कट्टा. नेहमीसारखा मास्तर पहिला उतरला. मी वर, झाडाला बांधलेल्या दोरापाशी. डॉक्टर कड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली बघत होती. तो कट्ट्यावर पोचला. तिथे भिंत वळते, त्यामुळे तिला त्याचं फक्त हेल्मेट दिसत होतं. त्याच्या डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये एक मेलेलं खोड आडवं अडकलेलं होतं. दोर त्या खोडाला घासून खाली गेला होता. हे आम्हाला वरून बांधताना दिसलं नव्हतं. आता दोर ताणला गेला आणि खोड हललं. खोडावर एक दगड होता, भाताच्या कुकरएवढा.

डॉक्टर ओरडली, “हाल्ट!”

हेल्मेट लगेच डावीकडे सरकलं.

“हाल्ट!” ती जीव खाऊन पुन्हा ओरडली.

तो आणखी लगबगीने सरकला. दोर तिरपा झाला, खोड फिरलं आणि दगड सुटला.

तो कट्ट्याच्या कडेवर आपटून फुटला आणि डोहात गेला. आवाज भिंतींमधून बराच वेळ फिरत राहिला. मग काही नाही. डॉक्टरने त्याला हाक मारली. मी हाक मारली. खालून उत्तर येईना, आणि त्याला काही झालं आहे की त्याला ऐकूच आलेलं नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. एवढं साधं काही आपल्याला कळू शकत नाही, याची मला तोवर कल्पना नव्हती. मी दोर दोन्ही हातांनी धरून उभा होतो. त्याला वजन होतं, पण वजन काय, कशालाही असतं.

मग दोर दोनदा ओढला गेला. मी ठीक आहे, याची ती खूण.

आम्ही दोर खोडापासून दूर घेऊन पुन्हा बांधला आणि एकेक करून खाली गेलो. तो कट्ट्यावर बसला होता. खांद्यावर लाल वाळू पडली होती. दगड त्याच्यापासून हातभर अंतरावर आपटल्याची खूण पांढरी दिसत होती.

“इतकं ओरडत होते!” डॉक्टर म्हणाली. “थांब म्हटलं तर पळतोस कसला?”

“तू हाल म्हणालीस.”

“काय?”

“हाल म्हणालीस. दोनदा. मला वाटलं, वरून काही येतंय, म्हणून हाल म्हणतेयस. मी हाललो.”

“मी हाल्ट म्हणाले रे!”

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. “ट होता?”

“होता. चांगला ठसठशीत होता.”

“ट होता,” तो स्वतःशी म्हणाला. आपलं एखादं माणूस स्टेशनवर आलं होतं आणि आपण त्याला बघितलं नाही, असं कळल्यावर चेहरा होतो, तसा त्याचा झाला. मग त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. “म्हणजे ट पण गेला.”

आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो. कट्टा तिघांना अरुंद होता, त्यामुळे खांद्याला खांदा लावावा लागला. खाली डोहातलं पाणी अजून गढूळ होतं. मला माहितीपुस्तकातली वाक्यं सुचत होती, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

शेवटी डॉक्टर म्हणाली, “मराठीत बोलू या. ‘थांब’ला ट नाही.”

“थ आहे. तोही अर्धाच येईल.”

“मग आंब ऐकू येईल. आंब म्हटल्यावर कोण हालतं?”

त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. ऑफिसातला माणूस जागा झाला असावा. “वर जा,” तो तिला म्हणाला. “त्या वळणामागे. मला दिसू नकोस. एकेक शब्द टाक. मी काय ऐकतो ते सांगतो. हा लिहून घेईल— नको, लिहू नका. नुसतं ऐका.”

ती बाजूच्या पायऱ्यांसारख्या दगडांवरून वळणामागे गेली. तिथून तिचा आवाज आला.

“थांब!”

“आंब.”

“सोड!”

तो थबकला. “ओढ?”

“सोड म्हणाले!” वळणामागून आलं. दोर सोड म्हटल्यावर हा माणूस तो ओढणार होता. आमची मायबोलीही काही कमी नव्हती.

“स गेला,” तो शांतपणे म्हणाला. “सोड बाद. दुसरं काही टाक.”

 ती लांबलचक हेल काढून ओरडली, “ढीऽऽल!”

पतंग उडवताना मांजा सोडायचा असला की ओरडायचं, तो शब्द. मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भिंतींनी तो घेतला, आणि तो खाली पाण्यापर्यंत जाऊन परत आला.

“ढील,” मास्तर म्हणाला. “ढील, ढील. हा सगळा येतो. शेवटपर्यंत येतो.” त्याने डोळे मिटले होते. “अजून एकदा.”

“ढीऽऽल दे रे!”

डॉक्टर वळणामागून परत आली. मग डोळे उघडून, सरकारी आवाज न काढता त्याने आम्हाला सांगितलं. यापुढे आज्ञा तीनच: थांब, ढील, ओढ. जर्मन बंद. आणि यापुढे पहिली डॉक्टर उतरणार, तो मध्ये राहणार, मी शेवटी.

“म्हणजे मार्चमध्ये येतोयस,” मी म्हणालो.

“मध्ये चालणार असेन तर येतोय. पुढे नाही.” त्याने हार्नेसला लावलेला छोटा दोर काढला. पहिला उतरणारा तो कमरेला बाळगतो. त्याने तो डॉक्टरच्या हातात दिला. तिने मुकाट्याने कमरेला अडकवला. खरं तर ती या क्षणी काहीतरी टोमणा मारेल अशी माझी अपेक्षा होती. तिने नुसती त्याच्या खांद्यावरची वाळू झटकली.

उरलेली घळ आम्ही त्याच क्रमाने उतरलो. मध्ये चालणारा मास्तर मी प्रथमच बघत होतो. तो सारखा पुढच्याच्या पाठीकडे बघत होता, आणि मला जाणवलं की इतकी वर्षं आम्ही त्याच्या पाठीकडे असंच बघत आलो होतो.

पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. ओले कपडे बदलले, सॅका मागच्या सीटवर कोंबल्या. मास्तर माझ्या शेजारी बसला, समोरचा कप्पा उघडला आणि डबी काढली.  त्याने एकेक यंत्र दोन बोटांत धरलं, केस मागे सारले, आधी डाव्या कानात आणि मग उजव्या कानात बसवलं. आरसा खाली करून एकदा बघितलं आणि आरसा वर केला. डॉक्टर अजून बाहेर होती. ती मागच्या सीटवर बसली आणि तिने दार ओढून घेतलं.

“परत लाव,” मास्तर समोर बघत म्हणाला. “पट्टा अडकलाय.”

“लागलंय की व्यवस्थित.”

“कापडाचा पट्टा आहे. खालच्या बाजूला.”

तिने दार उघडलं. खालच्या बाजूला त्याच्याच सॅकचा पट्टा दारात चेपला होता. तिने तो हातात घेऊन मला दाखवला.  एवढ्याशा यंत्राने माणसाला त्याचं जग परत मिळतं, अशा अर्थाचं काहीतरी मी बोललो. मशिनांबद्दल इतक्या भावुकपणे मी आयुष्यात बोललो नसेन.

मास्तर सीटबेल्ट लावत होता. “यंत्रांचं चार्जिंग गेल्या रविवारीच संपलंय,” तो म्हणाला. “दारं खालच्या सुरात लागतात.”