पंगतीतून उठले तेव्हा

माझ्यापुढं दोन पत्रावळ्या मांडल्या होत्या. एकीला एक चिकटवून. बाकी सगळ्या बायकांपुढं एकेक.

"धाकलीला एकीत कसं भागंल रं?" थोरले दीर वाढप्यांना ओरडून म्हणाले.

सगळी पंगत हसली. मी खाली मान घालून भात कालवला. घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीवर ढकललं.

कराडजवळचं ते थोरलं घर. नदीकाठचा ऊस त्यांचा, भावकीत शब्द त्यांचा. माझा नवरा फौजेत. मी सांगलीत भाड्याच्या खोलीत राहते, हळद पॅक करायच्या कारखान्यात कामाला जाते. माझं वजन हा त्या घराचा हक्काचा विनोद होता.

उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. जिना चढताना धाप लागायची. सांगलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग आणखी एक तपासणी.

"लिव्हर चरबीनं भरलंय. आता घट्ट व्हायला लागलंय. असंच राहिलं तर निकामी होईल."

"पण मी दारूला शिवलेसुद्धा नाही."

"त्यासाठी दारू लागत नाही, ताई."

थोरल्या घरी कळलं. दिरांचा फोन आला. "लिव्हर दारुड्यांचं जातं. आमच्या घरातली बाई पिती म्हणतील लोक. कुणाजवळ बोलायचं न्हाई. तोंडाला कुलूप लाव, आपोआप बारीक हुशील."

कुलूप लावून झालं होतं की! उपास केले. रोज नदीच्या घाटावर चालले. वजन उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. जठराचा मोठा भाग काढायचा, म्हणजे भूकही कमी लागते. नवरा फोनवर एवढंच म्हणाला, "तू कर. मी रजा काढून येतो." आला. तेवढ्याच्या जोरावर मी टेबलावर झोपले.

सोपी वाट धरली म्हणे मी. म्हणणाऱ्यांनी आधी घोट घोट पाण्यावर दिवस काढून बघावेत. एक घास जास्त झाला की उलटी. केस मुठीनं हातात यायचे. दंडाची कातडी लोंबायला लागली. गोड जास्त झालं की दरदरून घाम, छातीत धडधड. रोजच्या गोळ्या जन्माच्या मागं लागल्या. तरी मी टिकले.

वर्षानंतर पुन्हा तपासलं. डॉक्टर कागद बघत म्हणाले, "चरबी जवळजवळ गेलीय. घट्टपणाही उतरलाय. सगळ्यांचा असा उतरत नाही. सांभाळा."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आनंदानं रडले आणि रागानंही. मरायला टेकले होते आणि मला गप्प बसायला सांगितलं होतं.

त्यानंतर थोरल्या घरी दिरांच्या नातवाचं जावळ निघालं. मला बोलावणं होतं. गेले.

पुरणपोळीचं जेवण. वरण-भात दोन घास, पोळीचा तुकडा. पोट भरलं. दीर स्वतः आग्रह करत पंगतीतून फिरत होते, मागं तुपाची तपेली घेतलेला वाढपी. माझ्यापुढं आले. मी पत्रावळीवर आडवा हात धरला.

त्यांनी पोळी माझ्या हातावरच ठेवली. वाढप्याला खूण केली. गरम तूप बोटांवरून मनगटाकडं ओघळलं.

"घरच्या अन्नाला न्हाई म्हणती व्हय? पोट कापून आलीस, मानपान बी कापून टाकलास का काय?"

पंगत हसली.

आमच्याकडं पंगत उठल्याशिवाय कुणी उठत नाही. मधून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी हातावरची पोळी पत्रावळीवर ठेवली आणि उठले.

"दादा, माझं लिव्हर चरबीनं भरलं हुतं. दारू मी कवाच प्यायले न्हाई. आपरेशन केलं म्हणून ते सुधारलं. तुमच्या मानापायी मी ते परत बिघडवणार न्हाई."

हसणं बंद झालं. मी दिरांच्या बाजूनं चालत मोरीपाशी गेले, हात धुतला. बोटं लाल झाली होती.

मागनं थोरल्या जाऊबाई आल्या. दिरांचीच बायको. इकडं तिकडं बघत पुटपुटल्या, "माजी बी उजवी कूस लय जड वाटती गं. ह्यास्नी बोलायची सोय न्हाई."

मी आवाज खाली घेतला नाही. पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगलीला या, अक्का. तपासून घेऊ. मी येते संगं."

त्या येतील का, माहीत नाही. त्या घरचं बोलावणं मला पुन्हा येईल का, तेही माहीत नाही. आलं तर जाणार. झेपेल तेवढं खाणार आणि उठणार. ज्याला अपमान वाटेल त्यानं तो खुशाल वाटून घ्यावा. आजाराचं नाव मी आता चारचौघांत घेते, मोठ्यानं घेते, आणि मला गप्प बसवायची त्या घराची ताकद संपली.